स्विचवर ओएसपीएफची माहिती कशी पाहायची? महत्त्वाच्या शो कमांड आणि त्यांचा अर्थ

नेटवर्कमध्ये काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी ओएसपीएफशी सामना करावा लागतो. कॉन्फिगरेशन कसं करायचं, यावर भरपूर व्हिडिओ सापडतात. पण चालू नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडलं, तर स्विचला नेमकं काय विचारायचं आणि त्याने दिलेलं उत्तर कसं वाचायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. या लेखात आपण तेच पाहणार आहोत. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम त्या चुकीतूनच मी शिकलो.

पुण्याजवळच्या एका कारखान्याचं नेटवर्क आमच्याकडे होतं. त्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी असायची, म्हणून स्टोअरच्या इमारतीतला जुना स्विच आम्ही गुरुवारी बदलला. मुख्य स्विचवरून नव्या स्विचला पिंग केलं, उत्तर आलं, आम्ही खूश होऊन घरी गेलो. शुक्रवारी सकाळी फोन आला की स्टोअरमधल्या एकाही कॉम्प्युटरवर सर्व्हर उघडत नाही. मी मुख्य स्विचवर लॉगिन केलं, राउटिंग टेबलमध्ये स्टोअरचा रूट दिसला नाही, आणि विचार न करता "क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस" टाइप करून येस म्हटलं. वाटलं, रीस्टार्ट केल्यासारखं होईल आणि सगळं जुळून येईल.

झालं उलटंच. मुख्य स्विचचे सगळे शेजारी एकदम तुटले. मिनिटभर का होईना, पूर्ण कारखान्याचं नेटवर्क गेलं. बारकोड स्कॅनर थांबले, गेटवर गाड्यांची रांग लागली. आणि सगळं परत आल्यावरही स्टोअर बंद ते बंदच! आमच्या सरांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "अरे, हात लावायच्या आधी तू काय काय बघितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्टोअरचं पुढे काय झालं ते लेखाच्या शेवटी सांगतो. तोपर्यंत, काय काय बघायला हवं होतं ते पाहू.

एक सूचना: कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. कमांड सिस्कोच्या स्विचवरच्या आहेत. इतर कंपन्यांच्या कमांड शेवटी दिल्या आहेत.

ओएसपीएफ म्हणजे काय? अगदी थोडक्यात

ओएसपीएफ म्हणजे ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट. हा लिंक-स्टेट प्रकारचा राउटिंग प्रोटोकॉल आहे. आज आयपीव्ही४ साठी आपण त्याची दुसरी आवृत्ती वापरतो. तिचं प्रमाणपत्रक, म्हणजे आरएफसी २३२८, जॉन मॉय यांनी लिहिलं आणि ते १९९८ साली आलं. आयपीव्ही६ साठी तिसरी आवृत्ती आहे.

लिंक-स्टेट म्हणजे काय, ते एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा तालुक्यातल्या प्रत्येक गावाने फक्त आपल्या वेशीतून निघणारे रस्ते एका कागदावर लिहिले: कोणता रस्ता कोणत्या गावाला जातो आणि तो किती वेळखाऊ आहे. मग त्या कागदाच्या प्रती सगळ्या गावांना वाटल्या. आता प्रत्येक गावाकडे सगळ्यांचे कागद आहेत, त्यामुळे प्रत्येकजण तालुक्याचा तोच नकाशा स्वतः काढू शकतो आणि आपल्या गावापासून जवळचा मार्ग स्वतः ठरवू शकतो. शेजारी म्हणाला म्हणून विश्वास ठेवला, असं इथे नसतं. रिप या जुन्या प्रोटोकॉलमध्ये मात्र तसंच चालतं: शेजारी सांगेल तेवढं अंतर खरं मानायचं.

या उदाहरणातला कागद म्हणजे एलएसए. सगळ्या कागदांचा गठ्ठा म्हणजे लिंक-स्टेट डेटाबेस. आणि नकाशावरून जवळचा मार्ग काढण्याची रीत म्हणजे डायक्स्ट्रा यांचा अल्गोरिदम, जो त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला.

म्हणजे ओएसपीएफचं काम चार टप्प्यांत होतं:

१. इंटरफेसवर ओएसपीएफ चालू होतं आणि हॅलो पॅकेट जाऊ लागतात.
२. हॅलो जुळले की शेजारी तयार होतात.
३. शेजारी एकमेकांना एलएसए देतात आणि डेटाबेस तयार होतो.
४. डेटाबेसवरून हिशोब करून रूट राउटिंग टेबलमध्ये जातात.

हे चार टप्पे नीट लक्षात ठेवा. बिघाड शोधताना आपल्यालाही याच क्रमाने जायचं आहे. मी त्या दिवशी थेट चौथ्या टप्प्यावर पाहिलं (रूट नाही) आणि मधले तीन टप्पे न बघता बटण दाबलं.

सुरुवात करण्याआधी

ओएसपीएफ फक्त लेअर-३ स्विचवर चालतं. साधा लेअर-२ स्विच राउटिंग करतच नाही, त्यामुळे त्याच्यावर या कमांड टाकून काही मिळणार नाही. लेअर-३ स्विचवरही "आयपी राउटिंग" चालू असायला हवं.

दुसरी गोष्ट, शो कमांड फक्त माहिती दाखवतात, काही बदलत नाहीत. त्यामुळे बिनधास्त वापरा. यातल्या बहुतेक कमांड इनेबल न करताही चालतात. मी तर आता मुद्दामच सुरुवातीला इनेबल पासवर्ड टाकत नाही. म्हणजे हाताला खाज सुटली तरी काही बदलता येत नाही!

तिसरी गोष्ट, आपल्या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये लॉग सेव्ह करायचा पर्याय चालू करा आणि पहिली कमांड "शो क्लॉक" द्या. "किती वाजता काय दिसत होतं" हे नंतर फार उपयोगी पडतं. मग "टर्मिनल लेंग्थ ०" द्या, म्हणजे दर पानाला स्पेस दाबत बसावं लागत नाही.

पायरी १: ओएसपीएफ चालू आहे का?

कमांड: शो आयपी ओएसपीएफ

काहीच आलं नाही, तर ओएसपीएफ या स्विचवर चालूच नाही. माहिती आली, तर त्यातल्या चार गोष्टी बघा.

*राउटर आयडी:* हे या स्विचचं ओएसपीएफमधलं नाव. दिसतं आयपी ॲड्रेससारखं, पण आहे ओळख क्रमांक. तुम्ही स्वतः दिला असेल तर तोच लागतो. नसेल तर सगळ्यात मोठा लूपबॅक ॲड्रेस, आणि लूपबॅकही नसेल तर चालू इंटरफेसपैकी सगळ्यात मोठा आयपी ॲड्रेस. तो नेहमी स्वतः द्यावा. दोन स्विचचा राउटर आयडी एकच झाला, तर फार विचित्र त्रास होतात, ते पुढे येईल.

*एरिया:* किती एरिया आहेत आणि प्रत्येकात किती इंटरफेस आहेत. लहान नेटवर्कमध्ये बहुधा फक्त एरिया ० असतो.

*एसपीएफ किती वेळा चालला:* प्रत्येक एरियाखाली हिशोब शेवटचा कधी झाला आणि एकूण किती वेळा झाला, हे दिसतं. शांत नेटवर्कमध्ये शेवटचा हिशोब काही तासांपूर्वीचा, कधी काही दिवसांपूर्वीचा असतो. दर वेळी "काही सेकंदांपूर्वी" दिसत असेल आणि आकडा वाढतच असेल, तर कुठेतरी एखादी लिंक सतत चालू-बंद होते आहे, असं समजा.

*एलएसएची संख्या आणि चेकसम बेरीज:* ही ओळ बहुतेक लोक वाचतच नाहीत. एकाच एरियातल्या दोन स्विचवर ही संख्या आणि ही बेरीज सारखी असायला हवी, कारण दोघांकडे तोच गठ्ठा असायला हवा. वेगळी आली तर दोघांचे नकाशे वेगळे आहेत. दोन विंडो शेजारी-शेजारी उघडून अर्ध्या मिनिटात ही तपासणी होते. फक्त नेटवर्कमध्ये नुकताच काही बदल झाला असेल, तर थोडं थांबून परत बघा.

पायरी २: कोणत्या इंटरफेसवर चालू आहे?

कमांड: शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ

इथे प्रत्येक इंटरफेसची एक ओळ येते: इंटरफेसचं नाव, प्रोसेस आयडी, एरिया, आयपी ॲड्रेस, कॉस्ट, स्टेट आणि शेजाऱ्यांची संख्या.

जो इंटरफेस या यादीतच नाही, तिथे ओएसपीएफ लागू झालेलं नाही. बहुतेक वेळा नेटवर्क स्टेटमेंटमधला वाइल्डकार्ड मास्क चुकलेला असतो. असे अर्धे प्रश्न इथेच सुटतात.

स्टेटच्या रकान्यात डीआर, बीडीआर किंवा डीआर-अदर दिसेल. एका व्हीलॅनवर पाच-सहा स्विच असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी माहितीची देवाणघेवाण केली, तर नुसता गोंधळ होईल. म्हणून त्यांच्यातला एक मुख्य होतो, तो डीआर. दुसरा राखीव, तो बीडीआर. बाकीचे डीआर-अदर. पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर ही निवड होत नाही.

शेवटच्या रकान्यात दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १/१. पहिला म्हणजे पूर्ण जुळलेले शेजारी, दुसरा म्हणजे एकूण दिसणारे शेजारी. ०/१ दिसलं तर शेजारी दिसतोय, पण पूर्ण जुळलेला नाही. ०/० दिसलं तर कोणी दिसतच नाही.

एखाद्या इंटरफेसबद्दल शंका असेल, तर शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस लिहून पुढे त्याचं नाव द्या. सविस्तर माहिती येते. त्यात टायमर बघा. साध्या इथरनेटवर हॅलो दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद काही ऐकू आलं नाही, तर शेजारी मेला असं धरतात. दोन्ही बाजूंचे हे आकडे सारखे नसतील, तर शेजारी होणारच नाही. इंटरफेस पॅसिव्ह असेल, तर हॅलो जात नाहीत असं इथे स्पष्ट लिहिलेलं असतं. कॉम्प्युटर जोडलेल्या व्हीलॅनवर पॅसिव्ह असणं चांगलंच, पण दोन स्विचमधल्या लिंकवर चुकून पॅसिव्ह राहिलं, तर तिथे शेजारी कधीच होत नाही.

पायरी ३: शेजारी कोणत्या अवस्थेत आहेत?

कमांड: शो आयपी ओएसपीएफ नेबर

एकच कमांड लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. तिचं उत्तर साधारण असं दिसतं:

नेबर आयडी | प्रायॉरिटी | स्टेट | डेड टाइम | ॲड्रेस | इंटरफेस
१०.२५५.०.११ | १ | फुल/डीआर | ००:००:३६ | १०.१०.१.२ | गिगाबिट १/०/१
१०.२५५.०.१२ | १ | फुल/डीआर | ००:००:३१ | १०.१०.२.२ | गिगाबिट १/०/२
१०.२५५.०.१४ | १ | एक्सस्टार्ट/डीआर | ००:००:३८ | १०.१०.४.२ | गिगाबिट १/०/४

स्टेटच्या रकान्यात तिरक्या रेघेच्या आधी शेजाऱ्याची अवस्था असते आणि रेघेनंतर त्या शेजाऱ्याची भूमिका. भूमिका त्याची असते, आपली नाही. सुरुवातीला इथे बरेच जण गोंधळतात.

आता प्रत्येक अवस्थेचा अर्थ बघू.

*यादीत शेजारी नाहीच:* हॅलो पोहोचत नाही, किंवा पोहोचतो पण जुळत नाही. केबल, व्हीलॅन आणि ॲक्सेस लिस्ट तपासा. मग दोन्ही बाजूंना एरिया क्रमांक, एरियाचा प्रकार, हॅलो आणि डेड टायमर, सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन हे सगळं सारखं आहे का, ते बघा. ओएसपीएफ टीसीपी किंवा यूडीपी वापरत नाही. ते थेट आयपीवर प्रोटोकॉल क्रमांक ८९ ने जातं आणि हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट ॲड्रेसवर पाठवतं. मध्ये फायरवॉल असेल तर हे मुद्दाम उघडावं लागतं.

*इनिट:* मला त्याचा हॅलो ऐकू येतोय, पण त्याच्या हॅलोमध्ये माझं नाव नाही. म्हणजे माझा आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. एका दिशेने खराब झालेली फायबर जोडी किंवा एका बाजूची ॲक्सेस लिस्ट, यांचा संशय घ्या.

*टू-वे:* दोघांनी एकमेकांना ओळखलं, पण पुढची देवाणघेवाण नाही. हे पाहून घाबरू नका! दोन्ही स्विच डीआर-अदर असतील, तर टू-वे हीच त्यांची कायमची आणि योग्य अवस्था आहे. एका ठिकाणी चार स्विच एकाच व्हीलॅनवर होते आणि त्यातले दोन एकमेकांना टू-वे दाखवत होते. मी अर्धा दिवस तो "बिघाड" शोधत बसलो होतो. बिघाड नव्हताच. मात्र सगळेच एकमेकांशी टू-वेमध्ये असतील आणि डीआर कोणीच नसेल, तर सगळ्यांची प्रायॉरिटी ० झाली आहे का बघा. प्रायॉरिटी ० म्हणजे "मला डीआर व्हायचं नाही".

*एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज:* इथून सेकंदभरात पुढे जायला हवं. शेजारी इथे अडकून बसला, तर पहिला संशय एमटीयूवर. डेटाबेसची यादी पाठवताना प्रत्येक स्विच आपला एमटीयू कळवतो. समोरच्याचा एमटीयू आपल्यापेक्षा मोठा असेल, तर आपला स्विच ते पॅकेट नाकारतो. हॅलो लहान असतात, त्यामुळे ते व्यवस्थित चालतात. साधा पिंगही लहान, तोही चालतो. म्हणून माणूस फसतो. शो आयपी इंटरफेस मध्ये दोन्ही बाजूंचा एमटीयू तपासा.

*लोडिंग:* यादी मिळाली, आता प्रत्यक्ष एलएसए मागवणं चालू आहे. इथे फार वेळ अडकलं, तर लिंकवर पॅकेट खराब होत आहेत का बघा.

*फुल:* दोघांचे डेटाबेस जुळले. हेच हवं.

आता डेड टाइमचा रकाना. तो ४० पासून खाली येतो आणि दर हॅलोला परत ४० होतो. हॅलो दर १० सेकंदांनी येत असल्यामुळे हा आकडा साधारण ३० ते ४० च्या दरम्यान राहायला हवा. कमांड चार-पाच वेळा द्या. कधी २४, कधी १७ असं दिसत असेल, तर हॅलो वाटेत हरवत आहेत. शेजारी अजून फुल आहे, पण लवकरच तुटू शकतो. तक्रार येण्याआधी बिघाड पकडायची ही सोपी युक्ती आहे.

आणखी खोलात जायचं असेल, तर कमांडच्या शेवटी डिटेल जोडा. शेजारी किती वेळापासून चालू आहे आणि त्याची अवस्था आजवर किती वेळा बदलली, हे कळतं. पहिल्यांदा फुलपर्यंत पोहोचायला साधारण ६ बदल लागतात. तिथे ८० दिसले, तर तो शेजारी अनेकदा तुटून जुळला आहे, आता कितीही शांत दिसला तरी.

पायरी ४: डेटाबेसमध्ये काय आहे?

कमांड: शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस

शेजारी फुल आहेत, तरीही रूट नाही, अशा वेळी इथे या. एलएसएचे मुख्य प्रकार असे:

- प्रकार १, राउटर एलएसए: प्रत्येक राउटर किंवा लेअर-३ स्विच स्वतःच्या लिंकबद्दल देतो. आपल्या उदाहरणातला गावाचा कागद तो हाच.
- प्रकार २, नेटवर्क एलएसए: त्या व्हीलॅनचा डीआर देतो.
- प्रकार ३, समरी: दुसऱ्या एरियातली नेटवर्क. दोन एरियांच्या सीमेवरचा स्विच देतो.
- प्रकार ४: बाहेरचे रूट आणणारा स्विच कुठे आहे, ते सांगतो.
- प्रकार ५: ओएसपीएफच्या बाहेरून आणलेले रूट.
- प्रकार ७: बाहेरचेच रूट, पण एनएसएसए नावाच्या खास एरियात.

प्रत्येक ओळीत ॲडव्हर्टायझिंग राउटर, म्हणजे कागद कोणी लिहिला, ते असतं. पुढे वय आणि सिक्वेन्स क्रमांक. वय सेकंदांत असतं. लिहिणारा स्विच दर १८०० सेकंदांनी, म्हणजे अर्ध्या तासाने, कागद नव्याने पाठवतो. ३६०० सेकंद कोणी ताजा केला नाही, तर तो कागद रद्द होतो. म्हणजे निरोगी डेटाबेसमध्ये वयं ० ते १८०० किंवा त्याच्या थोडी पुढे असतात.

एखाद्याच ओळीचं वय कायम ५-१० सेकंद आणि सिक्वेन्स क्रमांक मात्र भराभर वाढतोय, असं दिसलं तर दोन शक्यता. एक, त्या स्विचची एखादी लिंक चालू-बंद होते आहे. दुसरी, त्याच राउटर आयडीचा आणखी एक स्विच नेटवर्कमध्ये आहे. दोघेही एकाच नावाने कागद लिहितात, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचा खोटा, आणि प्रत्येक जण नवा क्रमांक टाकून परत पाठवतो. जुन्या स्विचचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं नव्यावर कॉपी केलं आणि राउटर आयडी बदलायचा राहिला, की हे हमखास होतं.

पायरी ५: राउटिंग टेबल

कमांड: शो आयपी रूट ओएसपीएफ

आता कुठे आपण त्या जागी आलो, जिथून मी त्या शुक्रवारी सुरुवात केली होती. ओळीच्या सुरुवातीला नुसता ओ असेल, तर रूट आपल्याच एरियातला. ओ आयए म्हणजे दुसऱ्या एरियातला. ओ ई१ आणि ओ ई२ म्हणजे बाहेरून आणलेला. ई१ मध्ये आतल्या वाटेची कॉस्टही मिळवली जाते. ई२ मध्ये फक्त बाहेरची कॉस्ट दिसते आणि सिस्कोवर मुळात हाच प्रकार लागू असतो.

कंसात ११०/२० असं काही दिसेल. ११० म्हणजे ओएसपीएफवरचा विश्वासाचा आकडा, आणि तो जितका लहान तितका विश्वास जास्त. स्टॅटिक रूटचा आकडा १ असतो. म्हणून डेटाबेसमध्ये नेटवर्क आहे, पण टेबलमध्ये ओएसपीएफचा रूट नाही असं झालं, तर कोणीतरी कधीकाळी टाकून विसरलेला स्टॅटिक रूट शोधा. कंसातला दुसरा आकडा म्हणजे एकूण कॉस्ट.

कॉस्टबद्दल एक जुना सापळा आहे. कॉस्ट काढताना सिस्कोच्या स्विचवर मुळात १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगाने भागतात. उत्तर १ पेक्षा कमी येऊ शकत नाही. त्यामुळे १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएस, तिघांचीही कॉस्ट १! ओएसपीएफला तिन्ही रस्ते सारखेच वाटतात, आणि मुख्य १० जीबीपीएस लिंकबरोबर राखीव १ जीबीपीएस लिंकवरही ट्रॅफिक वाटला जातो. उपाय म्हणजे "ऑटो-कॉस्ट रेफरन्स-बँडविड्थ १०००००". मग १० जीबीपीएसची कॉस्ट १० होते आणि १ जीबीपीएसची १००. पण हे सगळ्या स्विचवर सारखंच करा, आणि कामाच्या वेळेत करू नका. व्हीलॅन इंटरफेसच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा: त्याखालचा खरा पोर्ट कितीचाही असो, स्विच साधारणपणे १ जीबीपीएस धरूनच हिशोब करतो.

डीबग आणि क्लिअर: जपून

शो कमांडनी उत्तर मिळालंच नाही, तर "डीबग आयपी ओएसपीएफ ॲड्जसन्सी" आहे. मोठ्या, चालू नेटवर्कमध्ये डीबग स्विचवर ताण आणू शकतं, त्यामुळे शक्यतो शांत वेळी वापरा आणि काम झालं की लगेच "अनडीबग ऑल" द्या.

आणि "क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस" ही तपासणीची कमांड नाहीच. ती सगळे शेजारी तोडते. राउटर आयडी बदलल्यावर तो लागू करायला ती लागते, पण तेव्हा वेळ ठरवून आणि लोकांना आधी सांगून.

इतर कंपन्यांचे स्विच

नावं बदलतात, अर्थ तोच राहतो. शेजारी पाहायला अरिस्टावर सिस्कोसारखंच "शो आयपी ओएसपीएफ नेबर" चालतं. ज्युनिपरवर "शो ओएसपीएफ नेबर", म्हणजे मधला आयपी नाही. हुआवेवर "डिस्प्ले ओएसपीएफ पीअर". अवस्थांची नावं सगळीकडे तीच, कारण ती प्रमाणपत्रकातूनच आली आहेत.

सराव करायला खरा स्विच लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. लिनक्सवर एफआरआर हे मोफत सॉफ्टवेअर टाकून दोन-तीन व्हर्च्युअल मशीन जोडल्या, तरी याच कमांड चालवता येतात. तिथे मुद्दाम एका बाजूचा हॅलो टायमर बदला, एमटीयू बदला, राउटर आयडी सारखा करा आणि शो कमांडमध्ये काय फरक पडतो ते बघा. बिघाड स्वतः करून पाहिला की खऱ्या वेळी लगेच ओळखू येतो.

स्टोअरचं काय झालं?

सरांनी फोनवरच मला "शो आयपी ओएसपीएफ नेबर" द्यायला लावलं. पाच शेजारी. चार फुल, आणि स्टोअरचा एक्सस्टार्टवर अडकलेला. वर नमुन्यात दिलेली तिसरी ओळ मुद्दाम तशीच लिहिली आहे. "एमटीयू बघ," सर म्हणाले. मुख्य स्विचवर १५००, नव्या स्विचवर ९०००. कोणीतरी तो स्विच आधी दुसऱ्या कामासाठी वापरला होता आणि मोठा एमटीयू तसाच राहिला होता. आम्ही गुरुवारी केलेला पिंग लहान होता म्हणून चालला. एमटीयू सारखा केला आणि काही सेकंदांत शेजारी फुल झाला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

एमटीयूमधला फरक दुर्लक्षित करायला सांगणारी एक कमांडही आहे, "आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर". मी ती वापरावी का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्याने शेजारी जुळेल, पण मोठी पॅकेट पडतीलच. मग महिन्याभराने तुलाच शोधत बसावं लागेल." खरं होतं ते.

तेव्हापासून माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर हा क्रम लिहिलेला आहे. तुम्हीही लिहून ठेवा:

१. शो क्लॉक
२. शो आयपी ओएसपीएफ
३. शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ
४. शो आयपी ओएसपीएफ नेबर
५. शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस
६. शो आयपी रूट ओएसपीएफ

या सहा कमांडना पाच मिनिटंही लागत नाहीत. शक्य असेल तर सगळं व्यवस्थित चालू असतानाच एकदा हे सगळं चालवून फाइल सेव्ह करून ठेवा. किती शेजारी होते, किती एलएसए होते, कोणता रूट कुठून जात होता, हे माहीत असेल तर बिघाडाच्या दिवशी नुसती तुलना करायची असते. आणि स्विच बदलल्यावर फक्त पिंग करून घरी जाऊ नका. शेजारी फुल झाला का, तेवढं बघूनच बॅग उचला.